माशावरचा आळ

१ सप्टेंबर हा जपानचा आपत्ती-निवारण दिन. १९२३ साली याच तारखेला, सकाळी ११ वाजून ५८ मिनिटांनी, कांतो प्रदेश हादरला आणि टोकियो व योकोहामा ही दोन्ही शहरे जवळजवळ बेचिराख झाली. सुमारे १ लाख ५ हजार माणसे गेली. त्यांतली बहुतेक आगीत गेली. स्वयंपाकाची वेळ होती, चुली पेटलेल्या होत्या आणि वारा सुटलेला होता. १९६०पासून सरकार हा दिवस पाळते. शाळांमधून मुले बाकांखाली शिरण्याचा सराव करतात, अग्निशमन दलाची प्रात्यक्षिके होतात, खुद्द पंतप्रधान सरावात उतरतात. आणि या सगळ्यात एक मासाही असतो. मोठा भूकंप झाल्यास हा रस्ता सामान्य वाहनांना बंद राहील, असे सांगणारे जे फलक टोकियोच्या मोठ्या रस्त्यांवर आहेत, त्यांवर मिशाळ, गुबगुबीत मासा काढलेला आहे. तो पाहिला की लहान पोरालाही कळते, विषय भूकंपाचा आहे.

हा नामाझु. आपल्याकडच्या मांगूर-शिंगाळ्याच्या गोतातला, चिखलात राहणारा, रात्री हिंडणारा मासा. लोकसमजूत अशी, की जपानच्या बेटांखाली एक प्रचंड नामाझु पहुडलेला आहे आणि त्याने अंग हलवले की भूकंप होतो. त्याला आवरण्याचे काम काशिमाच्या देवाचे, ताकेमिकाझुचीचे. आजच्या इबाराकी प्रांतात काशिमाचे मोठे देवस्थान आहे. तिथल्या दाट झाडीत, कुंपणाच्या आत, एक दगड आहे. जमिनीवर दिसतो तो अगदी थोडा. पण खाली तो पाताळापर्यंत गेलेला असून त्याने माशाचे डोके दाबून धरले आहे, असे मानतात. चिबा प्रांतातल्या कातोरी देवस्थानात असाच दुसरा दगड आहे, तो शेपटीवर. काशिमाच्या दगडाचा माथा खोलगट, कातोरीच्या दगडाचा फुगीर. मितोचे सरदार तोकुगावा मित्सुकुनी यांनी सतराव्या शतकात सात दिवस खणून पाहिले, तरी तळ लागला नाही, ही कथा आजही सांगितली जाते.

अशा कथांकडे पाहण्याची आपली रीत ठरून गेली आहे. विज्ञान नव्हते तेव्हा लोकांनी काहीतरी कल्पना केली, पुढे विज्ञान आले, कल्पना मागे पडली. एवढे म्हणून आपण मोकळे होतो. आमच्या मते नामाझुच्या बाबतीत एवढ्यावर थांबता येत नाही. भूकंप कशाने झाला हा एक प्रश्न. त्याचा जाब कोणाला विचारायचा हा दुसरा. पहिल्याचे उत्तर भूकंपशास्त्राने दिले आहे. दुसरा प्रश्न प्रत्येक धरणीकंपानंतर नव्याने उठतो आणि त्याचे उत्तर समाज कोणाकडे बोट दाखवून देतो, यावर माणसांचे जीव अवलंबून राहतात. एकाच शहराची १८५५ आणि १९२३ ही दोन वर्षे शेजारी ठेवली की हे लख्ख दिसते.

११ नोव्हेंबर १८५५. जपानी पंचांगाप्रमाणे आन्सेई २, दहाव्या महिन्याचा दुसरा दिवस. रात्री दहाच्या सुमारास एदो, म्हणजे आजचे टोकियो, हादरले. चौदा हजारांहून अधिक घरे पडली, ठिकठिकाणी आगी लागल्या. मृतांचा अंदाज सात ते दहा हजारांचा आहे. मितोच्या दरबारातले विद्वान फुजिता तोको आईला वाचवताना तुळईखाली सापडले. योशिवारा या वेश्यावस्तीत, जिथल्या मुलींना बाहेर पडायला मोकळीक नव्हती, तिथे शेकडो जळून मेल्या. जपानची घडीच तेव्हा विस्कटलेली होती. दोन वर्षांपूर्वी अमेरिकी नौदलाचा पेरी आपली काळी जहाजे घेऊन उरागाच्या खाडीत आला होता, पुढच्याच वर्षी शोगुनाच्या, म्हणजे लष्करी सत्ताधीशाच्या, सरकारला त्याच्याशी करार करावा लागला होता. १८५४च्या डिसेंबरात लागोपाठच्या दोन दिवशी, २३ आणि २४ तारखांना, तोकाई आणि नानकाई किनाऱ्यांवर एदोच्या भूकंपाहून कितीतरी मोठे भूकंप होऊन गेले होते.

आणि मग, एदोची राख अजून गरम असताना, रस्त्यांवर चित्रे विकायला आली. लाकडी ठशांवरून छापलेली, भडक रंगांची, स्वस्त. पहिले चित्र भूकंपाच्या रात्रीच तयार झाले, मजकूर कानागाकी रोबुनचा आणि रेखाटन तरुण कावानाबे क्योसाईचे, असे सांगितले जाते. दोन महिन्यांत अशी शेकडो चित्रे निघाली. त्या काळी छापील चित्रावर सरकारी तपासनिसाचा शिक्का लागे. यांच्यावर तो नाही. चित्रकाराची सही नाही, प्रकाशकाचे नाव नाही. वर्ष संपता संपता सरकारने ती बंद पाडली आणि ठसे नष्ट करायला लावले. पण तोवर ती घरोघर गेली होती. काही चित्रे तर छताला चिकटवायची होती, पुढच्या धक्क्यात छत खाली येऊ नये म्हणून. यांनाच नामाझु-ए, नामाझुची चित्रे, म्हणतात. डच अभ्यासक कॉर्नेलियस आउवेहांड यांनी १९६४ साली त्यांच्यावर मोठा ग्रंथ लिहिला, तेव्हापासून जगभरच्या संशोधकांचे लक्ष त्यांच्याकडे गेले.

ही चित्रे नीट पाहण्यासारखी आहेत. भूकंप झाला त्या दहाव्या महिन्यात जपानचे सगळे देव इझुमोच्या देवस्थानी जमतात अशी श्रद्धा आहे. म्हणजे काशिमाचा देव जागेवर नव्हता. मागे राखणीला होता तो एबिसु, मासेमारीचा आणि धंद्याच्या बरकतीचा देव. एका चित्रात हा एबिसु झोपलेला आहे. दुसऱ्यात काशिमाचा देव इझुमोहून घोडा पिटाळत परत येतो आहे आणि समोर शहर जळते आहे. देव गैरहजर होता, राखणदार झोपला होता. ज्या राज्यात शोगुनावर उघड एक शब्द लिहिणे गुन्हा होता, त्या राज्यातल्या माणसांनी हे चित्र विकत घेताना काय वाचले असेल, हे सांगायची गरज नाही.

मग शिक्षेची चित्रे. मोठा नामाझु आडवा पाडला आहे आणि एदोचे रहिवासी हाताला लागेल ते घेऊन त्याच्यावर तुटून पडले आहेत. त्यांत योशिवाराच्या बायका पुढे आहेत, केस सुटलेले, हात उगारलेले. आयुष्यात ज्यांना कोणावरही हात उगारता आला नाही, त्यांना चित्रकाराने ही मुभा दिली. पण त्याच चित्राच्या कोपऱ्यातून काही माणसे धावत येताना दिसतात, आणि ती माशाला वाचवायला येत आहेत: सुतार, गवंडी, गिलावा करणारे, छपरे शाकारणारे. शहर पुन्हा उभे करायचे होते, मजुरीचे आणि लाकडाचे भाव चढले होते, सरकारने ते बांधून द्यायचा प्रयत्न केला तरी हातात पैसा खुळखुळत होता. ज्यांच्या घरात एरवी दोन वेळची भ्रांत, त्यांना भूकंपाने काम दिले. चित्रकार हे लपवत नाही आणि त्यांना पापीही ठरवत नाही. एका चित्रात धनिक माणूस नाण्यांच्या वांत्या करतो आहे आणि कारागीर ती नाणी गोळा करत आहेत. दुसऱ्यात नामाझु स्वतःचे पोट फाडून प्रायश्चित्त घेतो आणि पोटातून रक्ताऐवजी सोन्याची नाणी सांडतात. कुठे मासा ढिगाऱ्याखालून माणसांना ओढून काढतो. कुठे तो जग नीट करायला आलेला आहे. साठलेला पैसा हलवायला कोणीतरी हवे होते, असे म्हणणारी ही चित्रे त्या शहरातल्या गरिबांनी वाचली. कुठे तो काळ्या जहाजासारखा खाडीत उभा आहे, कुठे अमेरिकी माणसाशी गळ्यात दोरी घालून ताणाताणी करतो आहे.

इतक्या मोठ्या दुःखानंतर महिन्याभरात एखाद्या शहराने आपल्या राज्यकर्त्यांचे, आपल्या श्रीमंतांचे आणि आपल्या स्वतःच्या लोभाचे इतके मोकळे चित्र काढल्याचे दुसरे उदाहरण आम्हांला पटकन आठवत नाही. आणि त्याहून महत्त्वाची गोष्ट ही, की जी चित्रे आम्ही पाहिली त्यांत मेलेल्यांवर ठपका नाही. ते मेले ते त्यांच्या पापाने, असा सूर नाही. परक्यावरही नाही, शेजाऱ्यावरही नाही. सगळा राग एका माशाने अंगावर घेतला, आणि माशाला दुखत नव्हते.

नामाझुच्या आधी जपानच्या बेटांखाली नाग होता. आणि तो नाग आपल्याकडून गेला. भूकंपांचे चार प्रकार, अग्नीचा, नागाचा, गरुडाचा आणि इंद्राचा, आणि चंद्र कोणत्या नक्षत्री असताना धरणी कापली त्यावरून त्यांची फळे, ही मांडणी बौद्ध ग्रंथांतून चिनी भाषेत आणि तिथून जपानी दरबारातल्या ज्योतिषांकडे पोहोचली. आपल्या वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’तला भूकंपाचा अध्याय तिची सख्खी बहीण शोभावा असा आहे: तिथेही चार मंडले आहेत, तिथेही नक्षत्रे आहेत, आणि सुरुवातीलाच जुन्या आचार्यांची मते नोंदलेली आहेत. कोणी म्हणे पृथ्वीच्या भाराने थकलेले दिग्गज सुस्कारे टाकतात म्हणून ती हलते, कोणी म्हणे वाऱ्यांची टक्कर होते, आणि काश्यपाचे मत असे, की पाण्यात राहणाऱ्या महाकाय प्राण्यांमुळे भूकंप होतो. शेषाने फणा हलवला की धरणी हलते, हे आपल्या आजीकडून ऐकलेल्या मराठी माणसाला जपानचा मासा परका वाटू नये. उत्तरेच्या आयनू लोकांत हे काम एका प्रचंड माशाकडे होते. १६२४ सालचा जपानचा एक भूकंप-नकाशा उपलब्ध आहे. त्यात सगळ्या देशाला नागाने वेढा घातला आहे आणि काशिमाच्या दगडाने त्याला जागच्या जागी खिळवले आहे. पुढे शतकभरात त्याची जागा माशाने घेतली. मात्र भूकंप आणि नामाझु यांची गाठ त्याआधीच पडलेली होती. १५९२ साली तेव्हाचा सत्ताधीश हिदेयोशी याने फुशिमीच्या किल्ल्याच्या बांधकामाविषयी लिहिलेल्या पत्रात नामाझुची काळजी घ्यायला बजावले आहे. चार वर्षांनी, १५९६च्या भूकंपात, तो किल्ला कोसळलाच.

प्राण्याच्या आडून राजकारण बोलायची सोयही जुनीच. ११८५च्या उन्हाळ्यात क्योतो हादरले, तेव्हा ताइरा घराण्याचा समुद्रात निःपात होऊन काही महिनेच झाले होते. त्या घराण्याचा कर्ता कियोमोरी मेल्यानंतर नाग झाला आणि त्यानेच राजधानी हलवली, असे लोक म्हणत होते, हे जिएन या भिक्षूने आपल्या ‘गुकान्शो’ या इतिहासात नोंदवून ठेवले आहे. हरलेल्यांचे काही देणे राहिले आहे, ही बोच त्या अफवेत होती.

मेइजी काळात, म्हणजे जपान आधुनिक होऊ लागला तेव्हा, मासा मागे पडला. २२ फेब्रुवारी १८८०ला योकोहामा हादरले आणि त्याच वर्षी जॉन मिल्न व त्यांच्या सहकाऱ्यांनी जपानमध्ये भूकंपशास्त्राची जगातली पहिली संस्था काढली. तरी शास्त्रज्ञांनीही माशाला अगदीच सोडले नाही. तोहोकू विद्यापीठाच्या हाताई शिंकिची यांनी आसामुशीच्या प्रयोगशाळेत टाकीतल्या नामाझुंवर भूकंपापूर्वी काही परिणाम होतो का, याचा अभ्यास करून १९३२ साली तो प्रसिद्ध केला. पुढे टोकियोच्या मत्स्यसंशोधन केंद्रानेही १९७०च्या दशकापासून १९९०च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत हे काम चालवले. विसंबावे असे काही हाती लागले नाही आणि ते थांबले. आज भूकंपाचा इशारा देणारी जपानी हवामान खात्याची यंत्रणा धक्क्याच्या पहिल्या लहरी टिपून मोठ्या लहरी पोहोचण्याआधीचे काही सेकंद मिळवून देते. २००७पासून ती सर्वांसाठी खुली आहे आणि तिने जीव वाचवले आहेत. पॅसिफिक भूपट्ट वर्षाला आठ-नऊ सेंटिमीटरने जपानखाली सरकतो, हे शाळकरी मुलालाही ठाऊक आहे. भूपट्टाला मात्र जाब विचारता येत नाही.

१९२३ साली नामाझुची चित्रे नव्हती असे नाही, पण लोकांचा राग त्यांच्यात मावला नाही. शहाण्यासुरत्यांनी आधी आकाशाकडे बोट दाखवले. जपानी उद्योगाचे पितामह शिबुसावा एइइची यांनी हा स्वर्गाचा कोप असल्याचे सांगितले: लोक चैनीत बुडाले, म्हणून हे घडले. लेखक आकुतागावा र्‍युनोसुके यांनी तेव्हाच त्याला उत्तर दिले. कोणाची बायकापोरे गेली आणि कोणाचे घरसुद्धा जळले नाही. इतका अन्यायी कोप मानण्यापेक्षा तो न मानलेलाच बरा, असा त्यांचा रोख होता. होंजो भागातल्या लष्करी कपड्यांच्या जुन्या कारखान्याच्या मोकळ्या जागेत आसऱ्याला आलेली सुमारे ३८ हजार माणसे आगीच्या वावटळीत जळाली. पाठीवर गाठोडी घेऊन आलेल्या त्या गरिबांनी कसली चैन केली होती?

रस्त्यावर मात्र बोट वेगळीकडे वळले. कोरियन लोक विहिरींत विष टाकत आहेत, आगी लावत आहेत, ही अफवा पहिल्या संध्याकाळपासून पसरली. पोलिसांनी ती पुढे नेली. ३ सप्टेंबरला फुनाबाशीच्या नौदल केंद्रावरून गृहमंत्रालयाच्या तारेने ती देशभर गेली. गल्लोगल्ली पहारे बसले. भाले, तलवारी, बांबू घेतलेली माणसे येणाऱ्या-जाणाऱ्याला अडवून ठरावीक जपानी शब्द उच्चारायला लावत, आणि उच्चार चुकला की मारत. सरकारच्याच आपत्ती-निवारण परिषदेच्या अहवालाने पुढे मान्य केले, की एकूण मृतांपैकी एक ते काही टक्के माणसे अशी मारली गेली, म्हणजे हजारांनी. बहुतेक कोरियन, काही शेकडो चिनी, काही जपानीसुद्धा. ६ सप्टेंबरला चिबा प्रांतातल्या फुकुदा गावी, कागावाहून औषधे विकत आलेल्या एका जपानी टोळीतली नऊ माणसे, त्यांत एक गरोदर बाई, बोली वेगळी वाटली म्हणून कापली गेली. अराजकवादी ओसुगी साकाए आणि लेखिका इतो नोए यांना तर लष्करी पोलिसांनी पकडून नेऊन ठार केले.

एदोच्या बायका माशाला बडवत होत्या, ती चित्रे काढली जाऊन अडुसष्ट वर्षेच झाली होती. म्हाताऱ्या माणसांना ती आठवतही असतील. या मधल्या काळात देशात शाळा आल्या, वर्तमानपत्रे आली, विद्यापीठात भूकंपशास्त्राचे अध्यासन आले. भूकंपशास्त्रज्ञ इमामुरा आकित्सुने यांनी तर १९०५ सालीच टोकियोतल्या भूकंपाचा आणि आगीचा धोका जाहीरपणे सांगितला होता आणि त्यांचे वरिष्ठ ओमोरी फुसाकिची यांनी तो निराधार ठरवला होता. जाब विचारायचाच होता तर जागा होती: लाकडी घरांची दाटी, अपुरे पाणी, भर घालून केलेली होंजो-फुकागावाची भुसभुशीत जमीन. १८५५ सालीही नुकसान तिथेच अधिक झाले होते. तिथले गरीब दोन्ही वेळा मेले.

हा प्रश्न आपल्याही देशाने भोगला आहे. १५ जानेवारी १९३४च्या बिहारच्या भूकंपानंतर गांधीजींनी तो अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा असल्याचे म्हटले. अस्पृश्यतेविरुद्ध लढण्यात त्यांच्या खांद्याला खांदा लावणाऱ्या रवींद्रनाथांनी याला स्पष्ट विरोध केला, आणि गांधीजींनी तो विरोध ‘हरिजन’मध्ये छापला. हेतू उदात्त असला, तरी मेलेल्यांच्या माथी पाप येते, ही रवींद्रनाथांची वेदना आम्हांला आजही खरी वाटते. सप्टेंबरच्याच अखेरीला किल्लारीच्या भूकंपाचीही आठवण येते. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे, अनंत चतुर्दशीची विसर्जने आटोपून झोपलेली गावे मातीत बांधलेल्या जाड दगडी भिंतींखाली आणि माळवदांच्या भाराखाली गाडली गेली. तिथे जाब विचारण्याजोगे जे होते, ते त्या भिंतींच्या बांधणीत होते.

११ मार्च २०११च्या महाभूकंपात काशिमाच्या देवस्थानाचे दगडी तोरणद्वार कोसळले. २०१४ साली देवस्थानाच्याच रानातल्या सुगी या सूचिपर्णी वृक्षाचे नवे उभे राहिले. २०११च्या त्या भूकंपानंतरच्या दिवसांतच टोकियोचे तेव्हाचे राज्यपाल इशिहारा शिंतारो यांनी त्सुनामीला दैवी शिक्षा म्हटले आणि टीका झाल्यावर माफी मागितली. २०१६ साली कुमामोतो हादरले, त्या रात्री प्राणिसंग्रहालयातून सिंह सुटल्याचे खोटे छायाचित्र मोबाइलवरून पसरले आणि ते टाकणाऱ्याला पुढे अटक झाली. सिंहाच्या अफवेने लोक घाबरले, पण त्याच रात्री विहिरीत विष टाकल्याची ती जुनी अफवाही पुन्हा फिरली. शंभर वर्षांत तिचे शब्दही बदललेले नाहीत.

१९२३ साली वेगळे वागणेही शक्य होते. योकोहामाच्या त्सुरुमी ठाण्याचे प्रमुख ओकावा त्सुनेकिची यांनी सुमारे तीनशे कोरियनांना ठाण्यात आसरा दिला आणि बाहेर जमावाने वेढा घातला, तरी ते दारात उभे राहिले. ज्या पाण्यात विष असल्याचा लोकांचा दावा होता ते त्यांनी सर्वांसमोर पिऊन दाखवले, अशी आठवण सांगतात. १९५३ साली कोरियन रहिवाशांनी त्सुरुमीच्या तोझेन्जी मंदिरात त्यांच्या स्मरणाची शिळा उभारली.

होंजोच्या त्या जळालेल्या जागेवर आज योकोआमिचो उद्यान आहे. दर १ सप्टेंबरला तिथे भूकंपात गेलेल्यांचा स्मरणविधी होतो, आणि त्याच उद्यानात, १९७३ साली उभारलेल्या वेगळ्या शिळेसमोर, मारल्या गेलेल्या कोरियनांचा. या दुसऱ्या समारंभाला टोकियोचे राज्यपाल श्रद्धांजलीचा संदेश पाठवत असत, इशिहारांनीही पाठवला. २०१७पासून राज्यपाल कोइके युरिको यांनी ती प्रथा बंद केली. सर्व मृतांना मुख्य समारंभात आदरांजली वाहिली जाते, तेव्हा वेगळा संदेश कशाला, असे त्यांचे म्हणणे. आम्हांला ते मान्य नाही. आगीत सापडलेला आणि शेजाऱ्याच्या भाल्याने मेलेला, या दोघांचे मरण एका ओळीत लिहिले की दुसऱ्याचा मारेकरी भूकंप ठरतो. त्या माणसांचा जीव भूकंपाने घेतला नाही आणि नामाझुनेही नाही. टोकियोच्या राज्यपालांनी हे लिहून पाठवावे, त्या शिळेसमोर ते मोठ्याने वाचले जावे, एवढीच मागणी तिथे दरवर्षी जमणारे लोक करत आहेत, आणि ती रास्त आहे.